माळावरचं मांजरपाट

मास्तर,

तुम्ही जाऊन वीस-बावीस वर्षं झाली आणि मी तुम्हांला पत्र लिहायला आज बसलोय. आज सकाळी आष्ट्याच्या शाळेच्या मैदानावर गेलो होतो. मी निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी क्रीडास्पर्धा आल्या की मला बोलावणं येतं, कारण नव्या ड्रिल मास्तरानं चुन्याच्या फक्कीचा गोल काढला की त्याचा बटाटा होतो. मी मधे खुंटी ठोकली, दोरी लावली, फक्कीचं घमेलं घेतलं आणि फिरलो. गोल पुरा झाल्यावर सवयीनं मैदानाच्या कडेला जाऊन पोटावर आडवा झालो आणि गाल जमिनीला टेकवून गोलाकडे बघत राहिलो. नवा मास्तर घाबरून पळत आला. "आवं सर, चक्कर आली का काय?" म्हटलं, न्हाई रं, किती चपटा दिसतोय ते बघतोय. तो हसला. म्हातारा चळला असं त्यानं नंतर चहाच्या वेळी सांगितलं असणार. सांगू दे. ही खोड मला तुम्ही लावलीत, आणि आज उठून कपडे झटकताना तुमचा इतका राग आला की घरी येऊन जेवलोसुद्धा नाही. एवढ्या वर्षांनी राग शिळा व्हायला हवा होता. झालेला नाही.

सांगलीबाहेरचा तो माळ तुम्हांला सांगायला नको, पण मला तो एकदा कागदावर मांडायचा आहे. लढाई चालू होती, वैमानिक हवे होते, म्हणून संस्थानानं गुरांचा माळ साफ करून धावपट्टी केली होती. पट्टी कसली, दगड वेचलेली, रोलर फिरवलेली मुरमाड जमीन. एका अंगाला तंबू, त्याच्या पलीकडे पत्र्याची शेड, शेडमध्ये दोन विमानं. वरखाली पंखांची जोडी, अंग कापडाचं, माथा उघडा. पुढच्या खुर्चीत तुम्ही बसायचात, मागच्या खुर्चीत मी. बोलायला रबरी नळी. वर्षभर मी आकाशापेक्षा तुमची मान जास्त बघितली. टोपीखाली डाव्या बाजूला एक तीळ होता. तुम्ही आधी साताऱ्याला शाळेत गणित शिकवायचात, मग विमान शिकलात आणि मग विमान शिकवायला लागलात. म्हणून बाकीच्या ठिकाणी ज्याला इन्स्ट्रक्टर म्हणत, त्याला आम्ही मास्तर म्हणायचो. तुम्हांला ते आवडायचं. आमच्या घरात तीन पिढ्या पलटणीत, वडील हवालदार होऊन ऊस लावायला परत आलेले. पोरगा विमानात बसणार म्हटल्यावर ते गावभर सांगत सुटले होते. मला पट्टीवरून हवाई दलात जायचं होतं. त्या वर्षी माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, आणि तिथपर्यंत पोचायचा रस्ता तुमच्या हातातून जात होता.

उतरायला तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत. सांगलीत तुमच्या दोन भाड्याच्या खोल्या होत्या, रविवारी मी जेवायला यायचो. काकू चुलीपुढे बसलेल्या, आणि तुम्ही त्यांच्या हातातून पोळपाट काढून घेऊन जमिनीवर ठेवलात. मला म्हणालात, उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहा. काय दिसतं? गोल. आता खाली बस. आता? लांबट गोल, अंड्यासारखा. आता आडवा हो, गाल फरशीला लाव. आता? मी म्हटलं, आता नुसती रेघ दिसती. तुम्ही टाळी वाजवलीत. "बास! पोळपाट गोलच आहे, बदलतोयस तू. किती चपटा दिसतो त्यावरून तू किती वर आहेस ते कळतं. अंडं दिसलं तर ठीक. रेघ व्हायला लागली तर तू फार खाली आलास. चांगला गोल दिसायला लागला तर फार वर आहेस." काकू म्हणाल्या, "आवं, शिकवून झालं असंल तर पोळपाट द्या, तवा तापलाय." मी अजून आडवाच. त्या जेवणात मी किती पोळ्या खाल्ल्या ते आठवत नाही, पण उठता-बसता ताटसुद्धा चपटं करून बघत होतो हे आठवतंय.

माळावर पोळपाटाच्या जागी चुन्याचं मोठं रिंगण होतं, आणि ते काढायचे आण्णा. आण्णा जतकडचे, आयुष्यभर मेंढरांमागे हिंडलेले. दुष्काळात मेंढरं गेली म्हणून पट्टीवर राखणदार झालेले. बोलताना मधेच कानडी शब्द घालायचे. चुना भिजवणं, रिंगण उजळणं, पट्टीवर आलेली गुरं हाकलणं आणि टी फिरवणं ही त्यांची कामं. टी म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं पांढरं मांजरपाटाचं कापड, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं, चांगलं खाटेच्या दुप्पट. मधे खुंटा, त्यावर ते फिरायचं. कुठल्या बाजूनं उतरायचं हे वरून त्यावरून कळायचं. वारा नेहमी तोंडावर घेऊन उतरायचं असतं, म्हणून वारा फिरला की टी फिरवायचा. इंग्रजी न येणाऱ्या आण्णांना तुम्ही तो पटका बांधलेला माणूस म्हणून शिकवलात. वरून माणूस पायांवर उभा दिसला तर सरळ उतरा, डोक्यावर उभा दिसला तर दुसऱ्या टोकानं या. मलाही तेच शिकवलंत. पण मला आणखी एक शिकवलंत. वाऱ्याची पिशवी, ती खांबावरची, वरचेवर फाटायची आणि शिवायला सांगलीत शिंप्याकडे जायची. एकदा विमानातून नळीत म्हणालात, "पिशवी नाही, टी नाही, तर काय बघशील?" मी चाचपडलो. तुम्ही हात बाहेर काढून पट्टीच्या टोकापलीकडचं गुऱ्हाळ दाखवलंत. हंगाम चालू होता, चिमणीतून धूर निघत होता. "तो बघ. तो फुकट काम करतो आणि त्याला कुणी फिरवत नाही." उतरल्यावर मी हे आण्णांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते म्हणाले, "आरं त्ये आमी बारक्यापणापास्नं बगतो. धूर तोंडावर आला पायजे. पाठीवर आला की समज, वारा तुला ढकलतोय."

एकट्यानं पहिलं उड्डाण केलं तो दिवस मला तासातासानं आठवतो. तुम्ही पुढच्या खुर्चीतून उतरलात, पट्टा बांधून टाकलात आणि म्हणालात, "जा. एक फेरी मार आणि ये." पुढं तुमची मान नाही. इंजिनचा आवाज तोच, पण मान नसल्यानं विमान मोकळं मोकळं वाटत होतं. मी वर गेलो, कृष्णा दिसली, फिरलो, रिंगणाचं बरोबर अंडं झालं, पटकेवाला माणूस सरळ उभा, धूर तोंडावर. अलगद टेकलो. आण्णांनी पळत येऊन पंख धरला आणि म्हणाले, "गड्या, मेंढरू बसावं तसं बसवलंस!" तुम्ही जवळ आलात. डोक्यावरचा तुमचा गॉगल काढलात, कातडी पट्ट्याचा, एका बाजूनं काकूंनी शिवलेला, आणि माझ्या गळ्यात घातलात. तो अजून माझ्या कपाटात आहे. पट्टा कडक झालाय, काचा चांगल्या आहेत.

आणि मग तो दिवस, ज्या दिवशी तुम्ही मला सगळ्यांसमोर फाडलंत. मी एकटाच वर होतो. खाली टी एका बाजूला, धूर दुसऱ्या बाजूला. वारा नुकताच फिरला होता आणि टी फिरवायचा राहिला होता. मी धूर खरा मानला, दुसऱ्या टोकानं आलो आणि व्यवस्थित उतरलो. शाबासकी मिळेल असं वाटत होतं. तुम्ही तंबूतून बाहेर आलात, चेहरा लाल. "टी कोण लावतो? मी लावतो. टी म्हणजे माझा शब्द. उद्या लढाईत खाली तोफा असतील, पट्टी उखडलेली असेल, आणि खालचा माणूस सांगतोय इकडून उतर, तर तू धूर बघत बसणार? टी आणि धूर यांत भांडण लागलं तर टी खरा. कळलं?" मी मान हलवली. आण्णांनी तो टी कुणी सांगायच्या आत फिरवायला घेतला होता, तर त्यांनाही सुनावलंत. "आजपासून माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय टीला हात लावायचा नाही." आण्णांनी हातातली खुंट्याची दोरी खाली ठेवली. धूर बघायला शिकवणारे तुम्ही आणि धूर बघितला म्हणून फाडणारे तुम्हीच. पण मला वाईट वाटलं ते माझ्या चुकीचं. त्या वयात मास्तर चुकतो हे डोक्यात शिरत नाही. मी ठरवलं, इथून पुढं टी म्हणजे टी.

परीक्षेला पुण्याहून गोरा साहेब आला. माघ महिन्यातली सकाळ. तीन वेळा उतरून दाखवायचं होतं, पहिल्या दोन साध्या फेऱ्या, आणि तिसऱ्या वेळी उंच जाऊन इंजिन मंद करून रिंगणापाशी नेमकं टेकायचं. तिन्ही जमलं तर साहेब माझं नाव वर पाठवणार होता. ही परीक्षा माझ्याइतकी तुमचीही होती, हे काकूंनी आदल्या दिवशी शेव तळताना सांगितलं होतं. साहेब खूश झाला तर तुम्हांला मोठ्या केंद्रावर घेणार होते. पिशवी नेमकी शिंप्याकडे होती. सकाळी वारा पूर्वेचा, टी पूर्वेकडे तोंड करून. पहिल्या दोन फेऱ्या मी मखमलीसारख्या उतरवल्या. साहेबानं वहीत काहीतरी लिहिलं. तिसऱ्यासाठी वर जायला मला बराच वेळ लागला, आणि तेवढ्यात तुम्ही साहेबाला घेऊन तंबूत चहाला बसलात. खाली वारा फिरला. पश्चिमेचा झाला.

मी खाली यायला लागलो. टी बघितला. पटकेवाला माणूस पायांवर सरळ उभा, पूर्वेकडे चल म्हणतोय. मी पूर्वेकडे तोंड केलं, इंजिन मंद केलं, रिंगणाचं अंडं झालं, सगळं बरोबर. आणि मग अंडं जागेवर राहीना. नाकाखाली सरकायला लागलं. विमान टेकेचना. वारा पाठीमागून ढकलत होता. टेकलो तेव्हा रिंगण कधीच मागं पडलं होतं. त्या विमानांना ब्रेक नव्हते हे तुम्हांला माहीतच आहे. पट्टी संपली, शेताच्या बांधाची दगडी ताल आली, चाकं तुटली, नाक उसाच्या पाटात घुसलं आणि शेपूट वर झालं. मी पट्टा सोडून कसा खाली आलो ते आठवत नाही. तालीला पाठ लावून बसलो होतो, डावं मनगट भलत्याच बाजूला वळलेलं, तोंडात माती. लोक मला विचारतात, बायकोनं विचारलं, पोरांनी विचारलं, अहो पण तुम्हांला तर धूर बघायला शिकवलं होतं, मग धूर दिसला नाही का? मी सांगत आलो, त्या दिवशी गुऱ्हाळ बंद होतं.

तालीपाशी बसून मी पट्टीकडे बघत होतो. तंबूकडून दोन माणसं पळत निघाली. साहेब आणि तुम्ही. साहेब परका माणूस, मला दोन तासांपूर्वी पहिल्यांदा भेटलेला, तो टोपी धरून सरळ माझ्याकडे पळत सुटला. तुम्हीही पळत होता. मला वाटलं तुम्ही त्याला मागं टाकाल, तुम्ही चपळ होता. मी उजवा हात वर केला, बरा आहे हे सांगायला. आणि तुम्ही वळलात. टीकडे गेलात. दोरी धरलीत. ते मांजरपाट फिरवायला एरवी दोन माणसं लागायची. त्या दिवशी तुम्ही एकट्यानं फिरवलंत, साहेबाची पाठ तुमच्याकडे असताना. नीट लागलं का ते दोन पावलं मागं होऊन बघितलंत. मग माझ्याकडे आलात. तेवढ्या वेळात साहेबानं स्वतःच्या रुमालानं माझं मनगट बांधलंही होतं. मास्तर, तुम्ही माझ्याशी फार गोष्टी केल्यात, पण मला चावते ती एवढीच. बाकीचं मी माणसाला भीती वाटते म्हणून सोडून देऊ शकतो. पण तुम्ही आधी तिकडे पळालात.

दुपारी तंबूत चौकशी झाली. साहेबाला मराठी येत नव्हतं, आण्णांना इंग्रजी येत नव्हतं, आणि मधे दुभाषी तुम्ही. साहेबानं विचारलं, टी कसा होता? तुम्ही बाहेर बोट दाखवलंत. आत्ता आहे तसाच. साहेब म्हणाला, टी ज्याच्याकडे असतो त्या माणसाला विचारा. आण्णा हात बांधून उभे होते. तुम्ही मराठीत विचारलंत, आणि ते खालमानेनं म्हणाले, "वारं फिरल्यावर म्या सांगाय आल्तो, मास्तर. तुमी आतनं म्हनला, थांब, साहेब बोलत्यात. मग म्या थांबलो. दोरीला हात न्हाई लावला." तुम्ही साहेबाकडे वळलात आणि इंग्रजीत सांगितलंत की हा माणूस म्हणतो, टी वेळेवर फिरवला होता. मी समोर बसलो होतो. इंग्रजी मला तुम्हीच शिकवलं होतं, एवढं कळण्याइतकं तरी. तुमची नजर माझ्या नजरेला भिडली. मला कळलंय हे तुम्हांला कळलं. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि मराठीत म्हणालात, साहेबासमोर, अगदी प्रेमानं, "पोरा, तुझं वय आहे. तुला मी पुन्हा बसवीन परीक्षेला, शब्द देतो. माझं वय गेलं तर गेलं." मग साहेबानं थेट मला विचारलं, तू टी उलटा वाचलास का? आयुष्यात मी गोऱ्या माणसाशी इंग्रजीत एकच वाक्य बोललो. "माय मिस्टेक, सर."

तुम्हांला महिन्याभरात बढतीचं पत्र आलं. तुम्ही गेलात. मला पुन्हा परीक्षेला बसवायचं पत्र आलं नाही. मी दोनदा लिहिलं, उत्तर नाही. मनगट वाकडं जुळलं होतं, पण हवाई दलाच्या डॉक्टरानं त्यासाठी नापास केलं नसतं. डॉक्टरापर्यंत जायला नाव वर जावं लागतं, आणि माझ्या नावापुढं "खुणा वाचता येत नाहीत" असं लिहिलेलं होतं. मिरजेच्या दवाखान्यात आण्णा मला बघायला आले होते, टोपलीत बोरं घेऊन. कॉटच्या कडेला उभे राहिले, बसले नाहीत. म्हणाले, "तू कशापाय तुजी चूक म्हनलास? म्या खरं बोललो व्हतो की." त्यांना वाटत होतं की त्यांचं म्हणणं साहेबापर्यंत पोचलं आणि साहेबानंच ते मानलं नाही. मी त्यांना सांगितलं नाही की ते पोचलंच नव्हतं. थोड्याच दिवसांत ते नोकरी सोडून जतकडे गेले आणि पुन्हा भेटले नाहीत. वडील एवढंच म्हणाले, "पडलास ते पडलास. पलटणीत माणूस पडतोच. पर दुसऱ्याचं अंगावर घ्यायला कुनी शिकवलं तुला?" त्यांनी पुढं कधी विमानाचा विषय काढला नाही. आकाशात आवाज आला की मात्र वर बघायचे आणि मग माझ्याकडे न बघता पुन्हा कामाला लागायचे. मी शाळेत ड्रिल मास्तर झालो. तीस वर्षं फक्कीच्या रेघा मारल्या. एकही रेघ वाकडी मारली नाही, आणि पोरगं रेघेवरून घसरलं तर आधी रेघ तपासली, मग पोराला बोललो. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. तुमच्यावर सूड म्हणून करत होतो.

एकदा तुम्हांला भेटायला आलो होतो, आठवत असेल. साताऱ्याला, शनिवार पेठेतल्या तुमच्या घरी. तुम्ही निवृत्त झाला होता, केस गेलेले, तीळ तिथंच. मी गॉगल पिशवीत घालून आणला होता. तुमच्या पुढ्यात ठेवायचा आणि एकच प्रश्न विचारायचा असं घोकत आष्ट्याहून आलो होतो. काकूंनी मला ओळखलं, स्वयंपाकघरात पाट मांडला, शेजारी तोच पोळपाट होता, म्हणाल्या, "बस रे, आता आडवा पडू नकोस म्हणजे झालं." तुम्ही हसलात. जेवता जेवता, भात कालवत, माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "तुला धूर शिकवला होता मी. त्या दिवशी धूर बघायला हवा होतास." माझा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांनी, स्वतःच्या घरात, काकूंसमोर, तुम्ही पुन्हा ते माझ्या पदरात टाकत होता. मी म्हटलं, "गुऱ्हाळ बंद होतं, मास्तर." तुम्ही ताटातनं मान वर केलीत. बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "हो. बंदच होतं बहुतेक." काकूंनी ताक वाढलं. पिशवीतून गॉगल मी काढलाच नाही. तुम्ही मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आलात, गाडी हलेपर्यंत उभे होतात, आणि मी खिडकीतून हात केला नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि काकूही गेल्या. असत्या तरी त्यांना हे वाचायला दिलं नसतं. ते गॉगलच्या डब्यात राहील आणि माझ्यामागं पोरं जुन्या कागदांबरोबर टाकून देतील. म्हणून जे तुम्हांला सांगितलं नाही, वडिलांना नाही, बायकोलाही नाही, ते इथं लिहितो. गुऱ्हाळ चालू होतं. तुम्हांलाही माहीत होतं, म्हणून तर जेवताना तुम्ही तसे बघत राहिलात. धूर मला दिसला होता, चांगला जाड, पांढरा, मी ज्या दिशेला चाललो होतो त्याच दिशेला झुकलेला. धूर पाठीवर. आण्णांचं वाक्य कानात आलं. उंची भरपूर होती, इंजिन हाताशी होतं, वळून दुसऱ्या टोकानं यायला दोन वेळा पुरेल एवढा वेळ होता. पण खाली तंबूच्या दाराशी गोरा साहेब येऊन उभा राहिलेला दिसत होता आणि त्याच्या शेजारी तुम्ही. दुसऱ्या टोकानं आलो असतो तर त्यानं लगेच टीकडे बघितलं असतं, मग धुराकडे, मग तुमच्याकडे. तुमची मान त्याच्यासमोर खाली गेली असती. पुढची खुर्ची रिकामी होती, तरी मला ती मान दिसत होती. म्हणून मी तुमच्या चुकीच्या टीवर जाणूनबुजून उतरलो. निभेल असं वाटलं होतं. आणि नाहीच निभलं, काही झालंच, तर तुम्ही आधी माझ्याकडे पळत याल असं वाटलं होतं.